कॅलिफोर्निया विद्यापीठाचा रग्बी-संघ

अमेरिकेंतील कॅलिफोर्निया विद्यापीठाचा आणि कॅनडांतील ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाचा रग्बी-संघ ज्या चषकासाठीं एकमेकांशीं झुंजतात त्या चषकाचें नांव आहे 'विश्वचषक'. दोन विद्यापीठांच्या झुंजीला एवढें भव्य नांव पाहून कोणालाहि हसूं यावें. पण त्याचें कारण अगदीं साधें आहे. व्हँकूवर शहरीं 'वर्ल्ड' नांवाचें एक वृत्तपत्र निघत असे. १९२० च्या सुमारास त्यानें हा चषक देणगीदाखल दिला आणि वृत्तपत्राचें नांव चषकाला चिकटलें. रग्बीच्या जगांत असे योग नवे नाहींत. इंग्लंड व स्कॉटलंड यांच्यांतील सामन्याचा चषक 'कलकत्ता चषक' म्हणून ओळखला जातो, कारण १८७८ सालीं कलकत्त्याचा एक रग्बी-क्लब मोडला तेव्हां त्याच्या शिलकेंतील चांदीचे रुपये वितळवून तो घडविलेला आहे. व्हँकूवरचें तें वृत्तपत्र केव्हांच बंद पडलें. चषकाची परंपरा मात्र टिकली. राष्ट्राराष्ट्रांमधील रग्बीचा विश्वचषक सुरू झाला तो १९८७ सालीं, म्हणजे या विश्वचषकानंतर साठांहून अधिक वर्षांनीं!

चषकाप्रमाणेंच संघाचीहि कथा आहे. ज्या देशानें रग्बीकडे जवळजवळ पाठ फिरविली त्या देशांत एका विद्यापीठानें हा खेळ पिढ्यान्‌पिढ्या कसा जतन केला, आणि तसें करीत असतांना यशाची एवढी रास कशी रचिली, हें समजून घेण्यासारखें आहे.

फुटबॉल म्हटलें कीं भारतांत गोल चेंडू आणि पायांचा खेळ डोळ्यांपुढें येतो. रग्बीचा चेंडू लांबोळा असतो, आणि तो हातांत घेऊन धांवण्याची मुभा असते. प्रत्येक बाजूला पंधरा खेळाडू. खेळ ऐंशीं मिनिटांचा. चेंडू लाथेनें पुढें मारतां येतो, पण हातानें सोबत्याकडे द्यावयाचा तर तो मागें किंवा बाजूलाच द्यावा लागतो. प्रतिस्पर्ध्यानें धरून खालीं पाडलें कीं चेंडू ताबडतोब सोडावा लागतो, आणि त्यासाठीं पुन्हा झुंज सुरू होते. म्हणजे खेळ फारसा थांबत नाहीं, आणि पुढें जाण्यासाठीं मागें उभ्या असलेल्या सोबत्यावर सतत विसंबून राहावें लागतें. या खेळाचें सारें मर्म या एका नियमांत सांठविलेलें आहे.

अमेरिकन लोकांनीं याच रग्बींतून आपला निराळा फुटबॉल घडविला. विसाव्या शतकाच्या आरंभीं त्या खेळाला भयंकर रूप आलें होतें. खेळाडू एकमेकांना बिलगून जणूं एक पाचर तयार करीत आणि ती पाचर समोरच्या फळींत घुसवीत. १९०५ च्या एका हंगामांत सुमारे अठरा तरुण या खेळापायीं मृत्युमुखीं पडल्याचें वृत्तपत्रांनीं प्रसिद्ध केलें. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनीं हार्वर्ड, येल व प्रिन्स्टन येथील मंडळींना आपल्या निवासस्थानीं बोलावून खेळ सुधारण्याची तंबी दिली. पूर्वेकडील विद्यापीठांनीं नियम बदलून तोच खेळ चालू ठेवला. पश्चिम किनाऱ्यावरील दोन विद्यापीठांनीं मात्र निराळा मार्ग धरला. कॅलिफोर्निया विद्यापीठाचे अध्यक्ष बेंजामिन आयड व्हीलर आणि स्टॅनफर्डचे अध्यक्ष डेव्हिड स्टार जॉर्डन यांच्या कारकीर्दींत १९०६ सालीं दोन्ही विद्यापीठांनीं अमेरिकन फुटबॉल सोडून रग्बीचा स्वीकार केला.

बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाला हा खेळ अगदींच अपरिचित नव्हता. १८८२ मध्येंच तेथें तो खेळला गेला होता. परंतु १९०६ ते १९१४ या काळांत त्याला राजमान्यता लाभली. त्या परिसरांत 'बिग गेम' म्हणून प्रसिद्ध असलेला बर्कली-स्टॅनफर्ड यांचा वार्षिक सामना या नऊ वर्षांत रग्बीच्याच नियमांनीं झाला. १९१२ च्या नोव्हेंबरांत ऑस्ट्रेलियाचा संघ बर्कलीच्या मैदानावर अमेरिकेशीं खेळला आणि १२ विरुद्ध ८ अशा थोडक्या फरकानें जिंकला. पुढल्याच वर्षीं न्यूझीलंडचा संघ आला. त्यानें त्याच मैदानावर अमेरिकेचा ५१ विरुद्ध ३ असा धुव्वा उडविला. या पराभवानें अमेरिकन रग्बीच्या अभिमानाला मोठा धक्का बसला. कॅलिफोर्निया विद्यापीठ १९१५ मध्यें अमेरिकन फुटबॉलकडे परतलें, आणि कांहीं वर्षांत स्टॅनफर्डहि त्याच वाटेनें गेलें.

रग्बीचा अमेरिकेंतील अध्याय येथेंच संपावयाचा. पण त्या वर्षांनीं पेरलेलें बीं मातींत शिल्लक होतें. १९२० सालीं अँटवर्प येथील ऑलिंपिक सामन्यांसाठीं अमेरिकेनें जो रग्बी-संघ पाठविला त्यांत बहुतेक भरणा स्टॅनफर्ड, कॅलिफोर्निया आणि सँटा क्लारा या तीन विद्यापीठांच्या खेळाडूंचा होता. त्यानें फ्रान्सचा ८ विरुद्ध ० असा पराभव करून सुवर्णपदक मिळविलें. हा केवळ दैवयोग होता असें म्हणणाऱ्यांना १९२४ सालीं पॅरिसमध्यें उत्तर मिळालें. त्या संघाचा नायक कोल्बी स्लेटर हा कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील कृषि-शाखेचा माजी विद्यार्थी होता. अमेरिकेनें रुमानियाला ३७ विरुद्ध ० असें हरविलें, आणि १८ मे रोजीं अंतिम सामन्यांत फ्रान्सला १७ विरुद्ध ३ असें नमविलें. फ्रेंच प्रेक्षक इतके खवळले कीं विजेत्यांचें राष्ट्रगीत त्यांच्या आरडाओरडींत बुडून गेलें. त्यानंतर रग्बी ऑलिंपिकमधून वगळण्यांत आली. ती परतली ९२ वर्षांनीं, २०१६ मध्यें, रिओ येथें, तीहि सात खेळाडूंच्या आटोपशीर रूपांत. तोंपर्यंत अमेरिका हीच ऑलिंपिक रग्बीची शेवटची विजेती होती, आणि बहुसंख्य अमेरिकनांना त्याचा पत्ताहि नव्हता!

हा विसर सर्वत्र पसरला असतां बर्कलींत खेळ चालूच राहिला, याचें मोठें श्रेय माइल्स हडसन यांना आहे. 'डॉक' या नांवानें ओळखले जाणारे हे गृहस्थ १९३८ पासून १९७४ पर्यंत संघाचे शिक्षक होते. ज्या खेळाला देशांत ना पैसा होता ना प्रसिद्धि, त्याच्यापायीं त्यांनीं छत्तीस वर्षें घालविलीं. या काळांत दरवर्षीं नवी मुलें येत, खेळ शिकत आणि पदवी घेऊन जात. पण जातांना संघाशीं असलेला ऋणानुबंध तोडून जात नसत. या माजी खेळाडूंचें बळ किती मोठें आहे याचा प्रत्यय पुढें यावयाचा होता.

अमेरिकन विद्यापीठांची राष्ट्रीय रग्बी-स्पर्धा १९८० सालीं सुरू झाली. पहिल्या चारहि वर्षीं विजेतेपद बर्कलीकडेच गेलें. तेव्हां नेड अँडरसन हे शिक्षक होते. १९८४ मध्यें जॅक क्लार्क यांनीं सूत्रें हातीं घेतलीं. ते स्वतः याच विद्यापीठाचे माजी खेळाडू. पुढें १९९३ ते १९९९ या काळांत अमेरिकेच्या राष्ट्रीय संघाचेहि ते शिक्षक होते. त्यांच्या हाताखालीं १९९१ पासून २००२ पर्यंत सलग बारा वर्षें हा संघ राष्ट्रीय विजेता ठरला. विद्यापीठांतील खेळाडू तीन-चार वर्षांत बदलतो, हें ध्यानीं घेतलें म्हणजे या आंकड्याचें महत्त्व कळतें. १९९१ च्या विजेत्यांपैकीं २००२ च्या संघांत कोणीहि नव्हता. बारा विजयांत संघाच्या तीन पिढ्या होऊन गेल्या. बदलली नाहीं ती शिकवण. २००३ मध्यें हवाई दलाच्या अकादमीनें ही माळ तोडली, आणि लगेच २००४ ते २००८ अशीं आणखी पांच वर्षें बर्कलीनें ती पुन्हा गुंफिली.

ही शिकवण दोन शब्दांत सांगावयाची तर अशी: जें मिळेल त्याबद्दल कृतज्ञ असावें, पण हक्क मात्र कशावरहि सांगूं नये. कालचा विजय आजच्या सामन्यांत उपयोगीं पडत नाहीं, आणि गतवर्षींचें स्थान या वर्षीं पुन्हा मिळवावें लागतें, हें या संघांत प्रत्येकाला पहिल्या दिवसापासून उमगत असे.

या संघानें घडविलेल्या माणसांपैकीं एकाचें नांव साऱ्या जगाला ठाऊक झालें तें मैदानाबाहेर. मार्क बिंगहॅम हा १९९१ व १९९३ च्या विजेत्या संघांतील खेळाडू. ११ सप्टेंबर २००१ रोजीं अपहृत झालेल्या विमानांपैकीं एकांत तो प्रवास करीत होता. त्या विमानांतील प्रवाशांनीं अपहरणकर्त्यांवर चाल केली. विमान पेनसिल्व्हेनियांतील एका माळावर कोसळलें. आंतील सर्वजण मरण पावले, पण तें आपल्या लक्ष्यापर्यंत पोंचूं शकलें नाहीं. चाल करून जाणाऱ्यांत बिंगहॅम होता असें मानलें जातें. त्याच्या नांवानें २००२ पासून एक आंतरराष्ट्रीय रग्बी-स्पर्धा भरविली जाते.

इतकें वैभव पदरीं असलेल्या संघावर २०१० च्या सप्टेंबरांत अनपेक्षित आघात झाला. विद्यापीठाला पैशाची चणचण भासत होती. बेसबॉल, पुरुषांचें व स्त्रियांचें जिम्नॅस्टिक्स आणि स्त्रियांचा लॅक्रॉस हे खेळ बंद करण्याचें ठरलें, आणि रग्बीला विद्यापीठाच्या अधिकृत संघांच्या पंक्तींतून उठवून खालच्या दर्जाच्या क्लबांत बसविण्याचें जाहीर झालें. त्या दिवसापर्यंत या संघाच्या नांवावर २५ राष्ट्रीय विजेतेपदें होतीं! विद्यापीठांतील दुसऱ्या कोणत्या खेळाला एवढें यश लाभलें होतें? शिवाय संघाचा खर्च मुख्यतः माजी खेळाडूंच्या देणग्यांतून भागत असे. म्हणजे त्याला खालीं उतरवून बचत ती किती होणार होती? अडचण केवळ पैशाची नव्हती. विद्यार्थिनींना खेळांत विद्यार्थ्यांच्या बरोबरीनें वाव मिळावा यासाठीं अमेरिकेंत १९७२ सालीं कायदा झालेला आहे. त्याचा उद्देश न्याय्य. परंतु स्त्रियांचे कांहीं संघ बंद केल्यावर हिशेब जुळविण्यासाठीं मोठ्या संख्येच्या पुरुष-संघांनाहि कात्री लावणें भाग पडत होतें, आणि रग्बीचा संघ मोठा होता.

माजी खेळाडू हातांवर हात ठेवून बसले नाहींत. एकीकडे निषेध, दुसरीकडे देणग्यांचीं अभिवचनें, अशी चळवळ सुरू झाली. केवळ रग्बी वांचवून भागणार नव्हतें. तिच्याबरोबर स्त्रियांचे संघ वांचले तरच हिशेब जुळणार होता. २०११ च्या फेब्रुवारींत विद्यापीठानें आपला निर्णय फिरविला. रग्बी, स्त्रियांचें जिम्नॅस्टिक्स आणि लॅक्रॉस हे तिन्ही खेळ एकदमच राखण्यांत आले. बाकीच्या दोन संघांनाहि पुढें जीवदान मिळालें. आणि त्याच वर्षाच्या मे महिन्यांत रग्बी-संघानें ब्रिगहॅम यंग विद्यापीठाला हरवून आपलें सव्विसावें विजेतेपद मिळविलें. पुढें सात जणांच्या रग्बींतहि त्यानें नांव काढलें. विद्यापीठांच्या त्या स्पर्धेंत २०१३ ते २०१७ अशीं सलग पांच वर्षें तोच विजेता ठरला.

पंचवीस विजेतेपदांनीं जें साधलें नव्हतें तें त्या कसोटीच्या महिन्यांत माजी खेळाडूंच्या निष्ठेनें साधलें. विजयांची यादी २०१० मध्यें संघाचें रक्षण करूं शकली नाहीं. रक्षण केलें तें दहा, वीस, चाळीस वर्षांपूर्वीं मैदान सोडून गेलेल्या माणसांनीं. बर्कलीच्या डोंगरकुशींत, स्ट्रॉबेरी कॅन्यन नांवाच्या दरींत, या संघाचें मैदान आहे. तेथें नव्यानें येणाऱ्या मुलाला पहिला नियम शिकवितात तो चेंडू मागच्या सोबत्याच्या हातीं देण्याचा. त्या मैदानावर कधीं काळीं तोच नियम शिकून गेलेल्यांनीं संकटकाळीं दाखवून दिलें कीं, मागें उभा असलेला सोबती केवळ सामन्यापुरता नसतो.