पूर ओसरल्यावर मुलाची भीती
२३ सप्टेंबर २०२३च्या पहाटे नागपूरचा अंबाझरी तलाव ओसंडला आणि नागनदीचं पाणी रामदासपेठेसह काठच्या वस्त्यांत शिरलं. घरातला चिखल काढता येतो. चार-पाच वर्षांच्या मुलाची भीती इतक्या लवकर जात नाही. पाऊस आला की ते आईला बिलगतं, झोपेत अंथरूण ओलं करतं, खेळताना बाहुली पुन्हापुन्हा बुडवतं. हा खेळ थांबवू नका; जे बोलता येत नाही, ते मूल तिथेच मांडतं. बाहुली कधीच वाचत नसेल, तर मात्र आपणही खेळात उतरावं. ‘आता पूर येणारच नाही’ असं खोटं सांगू नये. ‘पाणी वाढलं तर आपण वरच्या मजल्यावर जाऊ’ हे त्याला पटतं. जेवणाझोपेच्या वेळा पाळा. महिन्यानंतरही त्रास टिकला तर बालमानसतज्ज्ञांना भेटा. ‘टेली मानस’ची १४४१६ ही सरकारी हेल्पलाइन मोफत आहे.