ताप उतरल्यावर खेळते का?

जुलैच्या दुसऱ्या पंधरवड्यात मुलुंड पूर्वेतल्या कुठल्याही बालरोगतज्ज्ञाच्या दवाखान्यात संध्याकाळी सातला जाऊन बघा. दारात चपलांचा ढीग, कोपऱ्यात ओल्या छत्र्या, आणि बाकावर जवळपास प्रत्येक मांडीवर एक तापलेलं मूल. नंबर सकाळीच फोनवरून लावलेले असतात, तरी 'अजून किती आहेत हो मॅडम?' असं कुणीतरी दर पाच मिनिटांनी विचारतंच. आत वजनकाट्यापाशी एक मावशी असतात. त्या मुलाचे बूट काढायला लावतात, जड झालेला डायपर काढायला लावतात, आणि काट्यावर बसल्या बसल्या हातपाय झाडणाऱ्या पोराचा आकडा मोठ्याने सांगतात. "दहा किलो!" एरवी वाढदिवसाला कौतुकाने विचारला जाणारा हा आकडा तापाच्या दिवसांत सगळ्या उपचाराचा पाया असतो.

माझी नात दीड वर्षाची. मुलगा आणि सून दोघंही नोकरीला, मी बँकेतून निवृत्त. तिला ताप चढला तेव्हा वही सांभाळायचं काम आपसूक माझ्याकडे आलं. जन्मभर लेजर लिहिली, त्यात ही एक आणखी. रकाने डॉक्टरीणबाईंनीच आखून दिले होते. वेळ, ताप किती, औषध किती मिली, पोटात काय गेलं, सू कधी झाली. शेवटचा रकाना रुंद ठेवायला सांगितला. त्यावर मथळा, 'मूल कसं आहे'. पहिले रकाने भरायला माझी काहीच हरकत नव्हती. शेवटच्या रकान्यात काय लिहायचं हे मात्र शिकावं लागलं.

ताप मोजणं हे वाटतं तितकं सोपं काम नाही. दीड वर्षाचं मूल काखेत काही धरून बसत नाही. ते झोपेत असताना, नाहीतर कुणाच्या तरी मांडीवर चित्रांचं पुस्तक बघताना हात अंगाशी दाबून धरायचा आणि थर्मामीटरची शिटी वाजेपर्यंत कावळा-चिमणीवर बोलत राहायचं. काख कोरडी हवी. काखेतला आकडा अंगातल्या खऱ्या तापापेक्षा अर्धा ते एक अंश कमी येतो, म्हणून कुठे मोजला तेही वहीत हवं. इंग्लंडमध्ये क्लिफर्ड ऑलबट यांनी १८६० च्या दशकात सहा इंची थर्मामीटर तयार केला. त्याआधीचं उपकरण फूटभर लांब असे आणि ते वीस मिनिटं धरून ठेवावं लागे. त्या काळच्या आजोबांना माझा नमस्कार.

औषध एकच होतं, पॅरासिटामॉल. पण ते द्यायचं म्हणजे त्रैराशिक. दर किलोला साधारण १५ मिलिग्रॅम, म्हणजे दहा किलोच्या मुलाला १५० मिलिग्रॅम, आणि दोन डोसांत चार ते सहा तासांचं अंतर. आता घरातलं औषधाचं कपाट उघडा. एका बाटलीवर लिहिलेलं असतं ५ मिलीत १२५ मिलिग्रॅम. त्यातलं ६ मिली द्यायचं. दुसरी बाटली तशीच, त्याच रंगाची, पण ५ मिलीत २५० ची. त्यातलं ३ मिली. तिसरे तान्ह्या बाळासाठी आणलेले ड्रॉप्स, १ मिलीत १००. त्यातलं दीड मिली पुरे. हेच ड्रॉप्स कुणी रात्री झोपेत 'चमचाभर' पाजले, तर ५०० मिलिग्रॅम पोटात गेलं, म्हणजे मोठ्या माणसाची एक अख्खी गोळी. तान्ह्यांची बाटली म्हणजे सौम्य औषध, असा सगळ्यांचा समज असतो. प्रत्यक्षात तीच सर्वांत तीव्र. कुटुंबातल्या तीन माणसांनी आळीपाळीने औषध द्यायचं असेल, तर दोन बाटल्या कपाटातून उचलून फडताळाच्या वर ठेवून द्याव्यात आणि वापरातल्या बाटलीवर पेनाने 'इतके मिली' असं लिहावं. आम्ही तसंच केलं.

पाजणं हे वेगळं शास्त्र. सूनबाई सिरिंजने गालाच्या आतल्या बाजूला थोडं थोडं सोडते, सौभाग्यवतींचा भरवसा बोंडल्यावर. नातीने दोघींच्याही अंगावर थुंकून आपलं मत नोंदवलं. तेही वहीत आहे.

पहिल्या भेटीत डॉक्टरीणबाईंनी हात लावायच्या आधी बराच वेळ नुसतं पाहिलं. मूल आईच्या मांडीवर शांत असतानाच छाती किती वेळा वरखाली होते ते घड्याळ लावून मोजलं. एक ते पाच वर्षांच्या मुलाचा श्वास मिनिटाला ४० किंवा त्याहून जास्त असेल, तर न्यूमोनियाची शंका घ्यायची, आणि रडायला लागल्यावर ही मोजणी निरुपयोगी. मग पोट, मग मान वाकते का ते, मग बोट दाबून सोडल्यावर रंग किती लवकर परततो ते. डोळे, ओठ, जीभ, तळवे, डाव्या दंडावरचा बीसीजीचा व्रण. त्या व्रणावर लाली कशाला शोधता, असं मी विचारलं. पाच दिवस किंवा त्याहून जास्त ताप असलेल्या मुलांत क्वचित कावासाकी नावाचा आजार निघतो, त्यात हृदयाच्या रक्तवाहिन्यांना इजा होऊ शकते, आणि त्याची एक खूण कधी कधी तिथे दिसते, असं उत्तर मिळालं. कान आणि घसा सगळ्यांत शेवटी, कारण त्यानंतर खोलीत दुसरं काही ऐकूच येत नाही.

मग लसीकरणाचं कार्ड. मला वाटलं औपचारिकता. पण त्या कार्डावर हिबची लस आणि न्यूमोकॉकसची लस, म्हणजे पीसीव्ही, पूर्ण दिसली की मेंदूज्वर आणि रक्तातल्या जंतुसंसर्गाची शक्यता बरीच खाली येते, आणि डॉक्टरला थांबून बघायची मुभा मिळते. पीसीव्ही महाराष्ट्रातल्या सरकारी कार्यक्रमात २०२१ साली आली. त्याआधी ती परवडणाऱ्यांचीच लस होती. गोवराची लस घेतली का, हेही त्यांनी दोनदा विचारलं. २०२२ च्या अखेरीस गोवंडीत गोवराची साथ आली, मुलं दगावली, चिंचपोकळीचं कस्तुरबा रुग्णालय तापलेल्या मुलांनी भरलं. तेव्हापासून पूर्व उपनगरातला बालरोगतज्ज्ञ हा प्रश्न विचारायला विसरत नाही.

चिठ्ठीवर पॅरासिटामॉल आणि ओआरएस. बस. मुलगा बाहेर आल्यावर म्हणाला, "एवढंच? एवढी फी घेऊन?" बाकावरच्या एका आईने लगेच एका 'स्ट्राँग' औषधाचं नाव सुचवलं. या स्ट्राँग औषधांचा आपल्याकडे मोठा मान. निमेसुलाइड वर्षानुवर्षं मुलांना तापासाठी दिलं जायचं. यकृतावरच्या दुष्परिणामांमुळे बारा वर्षांखालच्या मुलांसाठी त्यावर २०११ साली देशात बंदी आली. आयबुप्रोफेन डेंग्यूची शंका असताना द्यायचं नसतं, कारण रक्तस्राव वाढू शकतो. आणि पहिल्याच दिवशी अँटिबायोटिक सुरू केलं, तर विषाणूंवर त्याचा काडीचा उपयोग नसतो. वर लघवीची तपासणी नंतर करायची झाली तर तिच्यात जंतू सापडेनासे होतात. माझं मत विचाराल, तर न लिहिलेल्या औषधासाठीही डॉक्टरला फी द्यावी. पन्नास घाबऱ्या पालकांसमोर हात आवरणं हे कौशल्याचं काम आहे.

घरी मात्र दोन पक्ष पडले. ताप चढताना नातीचे हातपाय गार पडत, अंगावर काटा येई. सौभाग्यवती गोधडी आणत. सून ती काढून पंखा लावी. दोघींचं थोडं थोडं खरं होतं. मेंदूतलं तापमानाचं केंद्र स्वतःची पातळी वर सरकवतं, तेव्हा शरीराला आपण गारठलो आहोत असं वाटतं आणि ते हातापायांचं रक्त आत ओढून घेतं. त्या वेळी पातळ पांघरूण ठीक. चढणं थांबलं की पांघरूण दूर करायचं, सुती झबलं तेवढं ठेवायचं. पाण्याचं म्हणाल, तर आमच्या लहानपणी मिठाच्या गार पाण्याच्या घड्या कपाळावर असत. गार पाण्याने उलट कुडकुड वाढते. अंग पुसायचंच तर कोमट पाण्याने, तेही मुलाला सोसत असेल तर.

ताप चिवट होता. औषधाने दोन अंश खाली यायचा, आणि चार तास होत आले की पुन्हा १०३, कधी १०४. शेजारून 'दात येत असतील' आलं. दातांनी अंग थोडं कोमट होतं, १०३ ताप येत नाही. 'ताप डोक्यात जाईल' हे त्याहून भीतिदायक. संसर्गाच्या तापाला शरीराचा स्वतःचा लगाम असतो; १०४ च्या तापाने मेंदू भाजत नाही. आकडी येऊ शकते, हे खरं. सहा महिने ते पाच वर्षांतल्या शंभरातल्या दोन ते पाच मुलांना तापात ती येते. माझ्या धाकट्या भावाला आली होती, तेव्हा चाळीत कुणी कांदा फोडून नाकाशी धरला आणि दातांत चमचा घातला. यातलं काही करायचं नसतं. मुलाला कुशीवर वळवायचं, तोंडात काहीही घालायचं नाही, घड्याळ बघायचं. पाच मिनिटांपुढे गेली तर रुग्णालयाकडे धाव घ्यायची, आणि लवकर थांबली तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचं.

तिसऱ्या दिवशीही ताप हटेना, तेव्हा तपासण्या आल्या. रक्ताचा पूर्ण अहवाल, मलेरियासाठी काचपट्टी, डेंग्यूची एनएस१, आणि लघवी. मुंबईत पावसाळ्यात मलेरिया-डेंग्यू वगळल्याशिवाय कुणी पुढे जात नाही. मलेरियाचा डास इमारतीच्या गच्चीवरच्या उघड्या टाकीत वाढतो, डेंग्यूचा आपल्याच घरात, मनीप्लँटच्या बाटलीत आणि फ्रिजमागच्या ट्रेमध्ये. काचपट्टीची तपासणी महापालिकेच्या दवाखान्यात मोफत होते, हे मध्यमवर्गाला बहुधा ठाऊक नसतं. रक्त घेणारा तरुण पोरगा होता. मनगटामागच्या शिरेवर दिवा धरून त्याने एकाच टोचणीत काम केलं आणि "झालं बाळा" म्हणत कापूस दाबला.

लघवीचा नमुना हा मात्र साऱ्या प्रकरणातला सर्वांत खडतर भाग. दीड-दोन वर्षांच्या मुलींत, सर्दी-खोकला काहीच नसताना येणाऱ्या तापामागे मूत्रमार्गाचा संसर्ग लपलेला असू शकतो, आणि तो ओळखला नाही तर मूत्रपिंडावर व्रण राहतो. कल्चरला चिकटवायच्या पिशवीतला नमुना चालत नाही, कातडीवरचे जंतू त्यात येतात. मधल्या धारेचा हवा, निर्जंतुक डबीत. म्हणून सूनबाई नातीला धुऊन पुसून न्हाणीघरात मांडीवर घेऊन बसली, नळ बारीक सोडला, सौभाग्यवती दारातून 'शूऽऽ' करत होत्या आणि मी डबीचं झाकण हातात धरून उभा. नातीला या सभेचं फार अप्रूप वाटलं. तिने टाळ्या वाजवल्या. सू केली नाही. बऱ्याच वेळाने केली आणि सुनेने चपळाईने धार पकडली. नमुना तासाभरात प्रयोगशाळेत पोचला पाहिजे, म्हणून मी तसाच पावसात रिक्षा शोधायला निघालो. कल्चरचा अहवाल दोन दिवसांनी येतो.

त्याच रात्री औषध देऊन तासाभराने मोजला तरी आकडा १०४ च्या पुढे. मुलाने गाडीची किल्ली घेतली. मी वहीचा शेवटचा रकाना काढला. संध्याकाळी पाणी प्यायली, सू दोनदा, वरणभात दोन घास, ताप कमी असताना डबे आपटत बसली होती. तरी जवळच्या नर्सिंग होमला गेलो. रात्रपाळीच्या डॉक्टरांनी वही हातात घेऊन वाचली, श्वास मोजला, मान पाहिली, आणि तिथेच थांबवून ठेवलं. ताप १०१ वर आल्यावर नातीने त्यांच्या गळ्यातला स्टेथोस्कोप ओढला आणि बिस्किट मागितलं. "घरी जा आजोबा," ते म्हणाले. "किती चढला यापेक्षा, उतरल्यावर खेळते का, हे बघायचं. आजारी मूल ताप उतरला तरी पडूनच राहतं."

रक्तात मलेरिया-डेंग्यू नव्हता, लघवी स्वच्छ निघाली. मग एका सकाळी ताप गेला तो गेलाच, आणि दुपारपर्यंत छाती-पाठीवर बारीक गुलाबी पुरळ उठलं. घरात पुन्हा धांदल. डॉक्टरीणबाई फोटो बघून हसल्या. रोझिओला. सहा महिने ते दोन वर्षांच्या मुलांचा नेहमीचा विषाणूजन्य आजार, जपानी संशोधकांनी १९८८ मध्ये त्याचं मूळ ओळखलं. गोवरात पुरळ उठतं तेव्हा ताप चढाच असतो, सोबत खोकला आणि लाल डोळे. यात ताप गेल्यावर पुरळ येतं आणि ते आलं की आजार संपला. डेंग्यूमध्ये मात्र ताप उतरतानाचेच एक-दोन दिवस धोक्याचे, म्हणून रक्ताचा अहवाल हातात असल्याशिवाय निर्धास्त व्हायचं नसतं.

वाचकांना एवढंच सांगणं. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ ताप आला, तर वही काढू नका, थेट रुग्णालय गाठा. मोठं मूल उठवून उठत नसेल, श्वासाला छाती आत ओढत असेल, आठ तासांत सू झाली नसेल, मान ताठ वाटत असेल, अंगावर दाबल्याने न जाणारे लाल-जांभळे डाग असतील, तर आकडा ९९ असला तरी निघा. वाहन नसेल तर १०८ ला फोन करा, रुग्णवाहिका मोफत येते. घाटकोपरचं राजावाडी रुग्णालय महापालिकेचं आहे आणि तिथला अपघात विभाग रात्रभर उघडा असतो. आणि आज घरात सगळे धडधाकट असताना मुलाचं वजन करून औषधाच्या बाटलीवर लिहून ठेवा. रात्री दोनला ते कुणालाही आठवत नाही.