काशीमरण आणि मोक्ष

काशीत देह पडला की मोक्ष मिळतो, ही श्रद्धा हिमालयापासून कन्याकुमारीपर्यंत पसरलेली आहे. उतारवयात संसार आवरून काशीवास करण्याची चाल महाराष्ट्रातही होती. काशीच्या ब्रह्माघाट, दुर्गाघाट ह्या बाजूस मराठी कुटुंबांची जुनी वस्ती आहेच. परंतु प्रत्येकाला काशी घडत नाही. कोणी नोकरीनिमित्त आसामात असतो, कोणी परदेशात. कोणाचा शेवट रुग्णालयाच्या खाटेवर होतो. मग मागे राहिलेल्यांच्या मनात शल्य उरते, की वडिलांना शेवटी काशीला नेता आले नाही. त्यांच्या गतीत त्यामुळे काही उणे तर पडले नसेल?

हा प्रश्न भाबडा नाही. ह्या विषयात शास्त्राचीच दोन वचने एकमेकांसमोर उभी आहेत. अयोध्या, मथुरा, माया म्हणजे हरिद्वार, काशी, कांची, अवंतिका म्हणजे उज्जैन आणि द्वारका ह्या सात नगरी मोक्ष देणाऱ्या आहेत, असे पुराणे सांगतात. ज्ञानावाचून मोक्ष नाही, असे वेदान्त सांगतो. पहिले अक्षरशः खरे मानले तर श्रवण, मनन, वैराग्य ही सारी खटपट कशाला? आणि दुसरे खरे मानले तर काशीच्या वचनाला अर्थ काय उरला?

सोळाव्या शतकात नारायणभट्टांनी प्रयाग, काशी आणि गया ह्या तीन क्षेत्रांवर ‘त्रिस्थलीसेतु’ हा मोठा ग्रंथ लिहिला. त्यांचे वडील रामेश्वरभट्ट पैठणहून काशीस जाऊन स्थायिक झाले होते. शिवराज्याभिषेकाचे गागाभट्ट हे नारायणभट्टांचे पणतू. म्हणजे काशीचा महिमा शास्त्राच्या चौकटीत बसविण्याच्या कामी मराठी पंडितांचा वाटा थोडाथोडका नव्हता. ह्या पंडितपरंपरेत मान्य झालेली तोड अशी, की काशी मोक्ष देत नाही, ज्ञान देते. मरणाऱ्याच्या कानात स्वतः विश्वेश्वर तारकमंत्राचा उपदेश करतो, त्या उपदेशाने ज्ञान होते आणि ज्ञानाने मुक्ती. स्थळाचे सामर्थ्य एवढेच, की तेथे गुरू अखेरच्या क्षणी आपण होऊन भेटतो.

ही तोड चातुर्याची आहे खरी, पण नुसत्या चातुर्याची नाही. वेदान्ताच्या अध्ययनाचा अधिकार ज्यांना नाकारला गेला, त्या स्त्रियांना, शूद्रांना, अंत्यजांना काशीने तो कानात दिला. कृमिकीटकांनाही ह्या वचनातून वगळलेले नाही. विद्येचे दार बंद असताना भूमीने दार उघडले. काशीचे आकर्षण एवढे व्यापक का झाले, ह्याचे उत्तर घाटांच्या शोभेत शोधण्यापेक्षा येथे शोधावे.

पण दार उघडले की अडचणीही आत येतात. आयुष्यभर पाप करून शेवटी काशीत येऊन मरणाऱ्याचे काय? परंपरा म्हणते, त्याला कालभैरवाच्या हातची भैरवी यातना भोगावी लागते. जन्मजन्मांतरीचे भोग तेथे अल्प काळात आटोपले जातात. कर्माचा हिशेब चुकत नाही, फक्त दफ्तर दुसऱ्याकडे जाते. आणि काशीत येऊनही ऐन वेळी पाऊल क्षेत्राबाहेर पडले तर? त्यासाठी सीमा न ओलांडण्याचे व्रत, म्हणजे क्षेत्रसंन्यास. पुराणवचनाची मजल तर ह्याही पुढे गेली. दगडाने आपले पाय ठेचावेत, पण काशी सोडू नये, असे ते सांगते. मुक्तीसाठी पाय मोडून घेण्याची ही भाषा अर्थवादाची, म्हणजे स्तुतीची, समजलेली बरी.

विशेष म्हणजे काशीच्या बाजूने ज्याचा आधार घेतला जातो, ते जाबालोपनिषदच शेवटी निराळ्या ठिकाणी नेऊन सोडते. तारक ब्रह्माचा उपदेश रुद्र अविमुक्तात करतो, असे याज्ञवल्क्य बृहस्पतीला सांगतात. पुढे अत्री विचारतात, हे अविमुक्त आहे कोठे? वरणा आणि नासी ह्यांच्यामध्ये, असे उत्तर मिळते. येथवर वाराणसीच्या दोन नद्या डोळ्यांपुढे येतात. पण लगेच उलगडा होतो, की इंद्रियांचे दोष वारते ती वरणा, इंद्रियांची पापे नाशते ती नासी, आणि त्यांचे स्थान म्हणजे भुवया व नासिका ह्यांचा संधी. नकाशावरची काशी पाहता पाहता माणसाच्या कपाळावर आली!

ब्रह्मसूत्रांत हा मुद्दा आडवळणाने न येता सरळच येतो. उपासनेला दिशा, देश, काळ ह्यांचा नियम आहे काय? चौथ्या अध्यायातील सूत्राचे उत्तर असे, की चित्त जेथे एकाग्र होईल तेथे बसावे, कारण विशेष असा काही सांगितलेला नाही. मग श्वेताश्वतरोपनिषदात सपाट, स्वच्छ, खडे व गलबला नसलेली जागा का सांगितली? शंकराचार्य म्हणतात, तशा वचनांतील बारकाव्यांचा आग्रह नाही, हे सूत्रकार आचार्य मित्राच्या नात्याने सांगत आहेत. कठोर तर्काच्या त्या भाष्यात ‘मित्र’ हा शब्द यावा, ही लक्षात राहण्याजोगी गोष्ट आहे. जागा साहाय्य करते, अट घालीत नाही. काश्मीरचे अभिनवगुप्त ह्यांचे ‘परमार्थसार’ तर म्हणते, की ज्ञान्याचा देह तीर्थात पडो वा चांडाळाच्या घरी, शेवटी त्याची स्मृतीही हरपो. तो ज्ञान झाले त्या क्षणीच मुक्त झालेला असतो.

सामान्य जनांनी आपली वाट निराळ्या रीतीने काढली. तमिळनाडूत असे मानतात, की चिदंबरच्या दर्शनाने, तिरुवारूरला जन्मल्याने आणि काशीला मेल्याने मुक्ती मिळते, पण अरुणाचलाच्या नुसत्या स्मरणाने मिळते. स्मरणाला तिकीट लागत नाही. कबीरांनी तर जन्मभर काशीत राहून अखेरीस मगहर गाठले, अशी परंपरा आहे. मगहरला मरणारा गाढवाच्या जन्माला जातो, असा लोकप्रवाद होता. स्थळच तारणार असेल तर रामाचे उपकार कसले, हा त्यांचा रोख. वारकरी संतांनी मोक्षाचीच मातब्बरी कमी केली. तुकोबांनी संतसंगाच्या मोबदल्यात पुन्हा गर्भवास पत्करला.

आणि ज्यांना तर्कही जमला नाही, बंडही जमले नाही, त्या घरांनी काशी घरी आणली. यात्रेहून परतताना तोंड झाळून बंद केलेला तांब्याचा गडू यायचा आणि वर्षानुवर्षे देव्हाऱ्यात राहायचा. रोजच्या स्नानाला विहिरीच्या पाण्यातच गंगा, यमुना, गोदावरी ह्यांना हाक मारली जाई. घरात कोणाचा शेवट जवळ आला की गडू फोडीत, आणि तुळशीच्या पानाने त्यातले दोन थेंब ओठांवर सोडीत.