चिखलदऱ्याचा घाट : वर जाणारे आणि खाली येणारे

डिसेंबरचा शेवटचा आठवडा लागला की पहाटे साडेपाचपासून परतवाड्यातून गाड्यांची रांग सुरू होते. नंबरप्लेटा वाचत उभं राहिलं तर अर्धा विदर्भ दिसतो: एमएच ३० अकोला, ३१ नागपूर, ३२ वर्धा. चहाच्या टपरीवर नवेकोरे स्वेटर आणि कानटोप्या. बहुतेकांना धुकं विरायच्या आत चिखलदरा गाठायचा असतो. काही जण घटांगवरून सेमाडोहकडे, जंगल सफारीला निघालेले असतात. उन्हाळ्यात पंचेचाळीस अंश सोसणाऱ्या माणसाला थंडीची हौस असणारच. मलाही आहे, मीही जातो.

पण काही वर्षांपूर्वीचा असाच एक रविवार माझ्या डोक्यातून जात नाही. वरच्या एका पाड्यावरची बाई, पहाटे घरीच बाळंत झालेली, रक्तस्राव थांबत नव्हता. १०८ ची गाडी तिला घेऊन खाली निघाली आणि घाटातल्या एका वळणावर अडकली. दरीतल्या धुक्याचे फोटो काढायला लोकांनी दोन्ही कडेला गाड्या लावल्या होत्या, मधून वर जाणाऱ्यांची रांग, त्यात एक बस. चालक नंतर मला म्हणाला, "साहेब, सायरन वाजवू वाजवू थकलो. मांगं सरकाले कोनी तयारच नाही. सरकतीन कुठी, मांगंही गाड्याच व्हत्या." पन्नास मिनिटं गेली.

गर्भारपणाच्या शेवटी गर्भाशयाला मिनिटाला अर्धा लिटरच्या वर रक्त पुरवलं जात असतं. बाळंतपणानंतर गर्भाशय आवळून आलं नाही, तर तो नळ उघडाच राहतो. जोरात रक्तस्राव असलेली बाई उपचाराविना दोन तासांत जाऊ शकते. ही आमच्याकडे पोचली तेव्हा पांढरीफटक होती, नाडी हाताला लागत नव्हती. ती वाचली. अमरावतीला पाठवल्यावर तिथे पिशवी काढावी लागली. ते तिचं पहिलंच बाळंतपण होतं. त्या वळणावरची पन्नास मिनिटं मिळाली असती तर पिशवी वाचली असती का, हे कोणताही डॉक्टर छातीठोकपणे सांगणार नाही. मीही सांगत नाही.

आपण ज्याला सहलीचा रस्ता म्हणतो, तो वरच्या लोकांचा दवाखान्याचा रस्ता आहे. चिखलदऱ्याहून खाली यायला धामणगाव गढीची वाट आणि घटांगची वाट. दोन्ही येऊन मिळतात परतवाड्यालाच. सेमाडोह, हरिसाल भागातून अचलपूर-अमरावतीकडे यायलाही हाच घाट. आणि हा रस्ता हवा तसा रुंद करता येत नाही, कारण हे मेळघाट आहे. १९७४ पासून व्याघ्र प्रकल्प, त्याच्या पोटात गुगामल राष्ट्रीय उद्यान. रुंदीकरण म्हणजे झाडं आणि जनावरांची वाट, दोन्हींवर घाला. म्हणजे रस्ता तेवढाच राहणार आणि गाड्या वाढणार.

हिमालयात औली, गुलमर्ग किंवा मनालीजवळच्या सोलंगला बर्फावर घसरायला लोक जातात, तिथे हिवाळ्यात रस्ता हीच पहिली बातमी असते: आज चालू की बंद, चाकांना साखळ्या लागणार का. बर्फ पडलं की प्रशासन गाड्या खालीच थांबवतं. आपल्या घाटात बर्फ नाही, म्हणून तो कधी बंद होत नाही आणि म्हणून त्यात धोकाही नाही असं आपण धरून चालतो. पाकिस्तानातल्या मरी या थंड हवेच्या ठिकाणी जानेवारी २०२२ मध्ये बर्फ पाहायला हजारो गाड्या एकदम चढल्या, वादळात अडकल्या आणि वीसहून अधिक माणसं गाड्यांमध्येच मेली. त्यातले सगळे थंडीने गारठून गेले नव्हते. उबेसाठी इंजिन आणि हीटर चालू ठेवला होता, बर्फाने धुराडं बुजलं आणि कार्बन मोनॉक्साइड आत भरला.

या वायूवर जरा थांबतो, कारण तो चिखलदऱ्यातही असतो. थंडी फार म्हणून खोलीत कोळशाची शेगडी आणतात, दारं-खिडक्या लावून झोपतात. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. सुरुवातीला डोकं दुखतं, मळमळतं, गरगरतं. थर्टी फर्स्टच्या सकाळी ही लक्षणं कोणाला वेगळी वाटणार? 'रात्री जास्त झाली' किंवा 'घाट लागला' म्हणून सोडून देतात. बोटाला लावायचं ऑक्सिमीटरही इथे फसवतं. त्याला कार्बन मोनॉक्साइड लागलेलं रक्त ऑक्सिजनवालंच वाटतं आणि ते ९८ दाखवत राहतं. एकाच खोलीतल्या सगळ्यांचं डोकं एकदम दुखत असेल तर आधी सगळ्यांना बाहेर मोकळ्या हवेत आणा, मग दवाखाना. साध्या हवेत हा वायू रक्तातून निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात. मास्कने शुद्ध ऑक्सिजन दिला तर तास-दीड तास. शेगडी अंगणात ठेवा, खोलीत नको. बंद गाडीत इंजिन चालू ठेवून झोपू नका.

थंडीचं गणितही जरा फसवं असतं. उंची हजार मीटरने वाढली की तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरतं. परतवाड्यापेक्षा चिखलदरा सातशे मीटर वर, म्हणजे साडेचार अंश थंड, हा झाला दिवसाचा हिशेब. निरभ्र रात्री मात्र थंड, जड हवा डोंगरउतारावरून खाली दरीत साचते, त्यामुळे पहाटे सिपना नदीकाठचं सेमाडोह वरच्या चिखलदऱ्यापेक्षाही गार असू शकतं. धुकंही तिथेच दाटतं. मोटारसायकलवाल्यांनी तर वारा वेगळा मोजायचा: हवा १० अंश आणि वेग ताशी ४० असेल, तर अंगाला ती सुमारे ६ अंशांसारखी झोंबते. बोटं बधिर झाली की ब्रेकचा अंदाज जातो. हातमोजे आणि आतून छातीवर वर्तमानपत्राची घडी. हा आमच्या कॉलेजच्या दिवसांतला उपाय आहे आणि तो अजूनही चालतो.

दारूने ऊब येते हा समज मी तीस वर्षं खोडतो आहे, खोडला जात नाही. दारूने कातडीजवळच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, म्हणून गरम वाटतं. प्रत्यक्षात आतली उष्णता बाहेर निघून जाते. थंडीने मात्र रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, रक्तदाब चढतो. हृदयरोग, रक्तदाब असलेल्यांनी सकाळची गोळी 'तिकडे गेल्यावर घेऊ' असं न करता घेऊन निघावं आणि पहाटेच्या गारठ्यात पॉइंटच्या पायऱ्या एका दमात चढू नयेत. छातीत दुखून घाम फुटला तर तो 'गॅस' आहे असं ठरवायला तिथे कोणी नाही. १०८ लावा, फोनला रेंज नसेल तर हॉटेलात किंवा वनखात्याच्या नाक्यावर मदत मागा. रुग्णाला चालवू नका. आणि त्याला खाली आणायची वाटही तीच आहे, जी आपणच भरून टाकलेली असते.

गाडी लागण्याबद्दल थोडक्यात. वळणं कानाच्या आतल्या तोलाच्या यंत्राला कळतात आणि मोबाइलवर खिळलेल्या डोळ्यांना कळत नाहीत. मेंदूला दोन वेगळे निरोप मिळतात आणि उलटी येते. पुढे बसा, लांबचं वळण बघा, निघताना आलुबोंडे-रस्सा दाबून खाऊ नका. गोळी घ्यायची तर निघण्याआधी अर्धा-पाऊण तास, पण तिने झोप येते, म्हणून चालवणाऱ्याने अजिबात नाही. अशा गोळ्यांतलं प्रोमेथाझिन दोन वर्षांखालच्या बाळांना देऊ नये, श्वास मंदावू शकतो. उतरताना पेट्रोल वाचवायला गाडी न्यूट्रलमध्ये सोडणारे बहाद्दर अजून आहेत. सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापतात आणि मग लागेनासे होतात. ज्या गिअरमध्ये चढलात, त्याच गिअरमध्ये उतरा.

राहता राहिली रुग्णवाहिका. कायद्याने तिला वाट न देणाऱ्याला दहा हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात हे आलं. घाटात हा कायदा लागू करायला पोलीस प्रत्येक वळणावर नसतो. म्हणून मी ओळखीच्या पर्यटकांना एवढंच सांगतो: फोटो काढायचा तर रुंद जागा बघून पूर्ण रस्त्याबाहेर गाडी लावा, वळणावर कधीच नको. कोंडीत सापडलात तर पुढच्या गाडीला नाक लावू नका. एक गाडीभर अंतर ठेवा, म्हणजे कडेला सरकायला जागा राहते. दुसरी रांग करून पुढे घुसू नका, कारण खालून येणारी आणि वरून येणारी वाट एकदम बंद होते ती त्यामुळेच. शक्य असेल तर शनिवार-रविवार टाळून मंगळवार-बुधवारी या. थंडी तेवढीच असते आणि हॉटेलवाला अदबीने बोलतो.

त्या दिवशीचा चालक अजून त्याच मार्गावर आहे. हिवाळ्यातल्या सुट्ट्यांच्या दिवशी तो आता आपल्या ओळखीचा एक पोरगा सोबत घेतो. कोंडी दिसली की पोरगा उतरतो आणि गाडीच्या पुढे धावत, काचा ठोकत, एकेक गाडी सरकवत जातो. सीटखाली त्याच्यासाठी एक शिटी ठेवलेली असते.