चार्जिंग ऐंशीवर थांबवणारा बाइट

लॅपटॉपला चार्जर जोडला आणि बटण दाबलंच नाही, तरी मदरबोर्डवरचा एक छोटा प्रोसेसर जागा होतो. बटण दाबल्याचं सर्वांत आधी कळतं ते त्यालाच. मग तो ठरलेल्या क्रमाने एकेका भागाची वीज सुरू करतो आणि शेवटी, जाहिरातीत ज्याचं नाव असतं त्या मोठ्या प्रोसेसरला उठवतो. कीबोर्डवरची दाबलेली कळ ओळखणं, झाकण मिटल्याची खबर देणं, पंख्याचा वेग सांभाळणं, बॅटरी किती भरायची आणि कुठे थांबायचं ते बघणं, ही सगळी त्याचीच कामं. त्याला एम्बेडेड कंट्रोलर म्हणतात. ड्रायव्हर लिहिणाऱ्यांच्या तोंडी नुसतं ‘ईसी’. महाडच्या बाजारपेठेत लॅपटॉप दुरुस्त करणारे त्याला ‘आयओ’ म्हणतात. चिपवर बहुधा आयटीई, ईएनई, नुवोटॉन किंवा मायक्रोचिप यांपैकी एखादं नाव असतं.

२२ जुलै २०२१ च्या पुरानंतर महाडमध्ये ही चिप फार जवळून बघायला मिळाली. सावित्री आणि गांधारीचं पाणी दुकानांत, घरांत शिरलं होतं. पाणी ओसरल्यावर चिखल भरलेले लॅपटॉप दुरुस्तीला येऊन पडले. मदरबोर्ड सोडवून तो आयसोप्रोपिल अल्कोहोलने, ब्रशने धुवायचा, हॉट एअरने वाळवायचा आणि मग मीटर लावून बघायचं की आयओपर्यंत तीन व्होल्ट पोचतायत का. ‘थ्री व्होल्ट नसले तर बटण दाबून काय होणार, दादा? ऐकणाराच मेलाय,’ असं एका कारागिराने मला तेव्हा समजावलं होतं. कॉम्प्युटर कोण चालू करतं, याचं इतकं सरळ उत्तर मला कॉलेजात मिळालं नव्हतं.

ड्रायव्हर लिहायला मात्र निमित्त झालं ते पोलादपूर तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेतल्या गुरुजींच्या लॅपटॉपचं. सेकंडहँड घेतलेला, विंडोज रखडायला लागली म्हणून त्यावर लिनक्स टाकलेलं. पावसाळ्यात वीज कधी जाईल याचा नेम नाही. डीपी गेला तर दोन-दोन दिवस अंधार. त्यामुळे वीज असेल तेव्हा चार्जर कायम लावलेला. बॅटरी शंभर टक्के भरून, गरम होत, महिनोन्महिने तशीच. लिथियम-आयन बॅटरीला हे मानवत नाही. पूर्ण भरलेल्या अवस्थेत आणि उष्णतेत तिच्या आतली रसायनं हळूहळू बिघडतात, वायू साचतो आणि ती फुगते. गुरुजींचा टचपॅड खालून वर उचलला गेला होता. नवी बॅटरी घातली, पण पुढच्या पावसाळ्यात पुन्हा तेच होणार हे उघड होतं.

यावरचा उपाय लॅपटॉपमध्येच होता. चार्जिंग ऐंशी टक्क्यांवर थांबवायची सोय त्या ईसीमध्ये होती, कंपनीच्या विंडोजवरच्या सॉफ्टवेअरमध्ये तिचं बटणही होतं. लिनक्सकडून ईसीला ती गोष्ट सांगणारं कुणी नव्हतं. ते सांगणारा कोड म्हणजे ड्रायव्हर. आणि ईसीला काय सांगायचं ते कंपनीने कुठेही छापलेलं नव्हतं.

सुरुवात वाचनाने होते. इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी डिसेंबर १९९६ मध्ये एसीपीआय नावाचं मानक आणलं. त्यानुसार प्रत्येक लॅपटॉपच्या बायोसमध्ये काही तक्ते भरलेले असतात आणि हार्डवेअरशी कसं बोलायचं ते त्यांत एका छोट्या भाषेत लिहिलेलं असतं. एसीपीआय-डंप या प्रोग्रॅमने ते तक्ते बाहेर काढायचे, आयएएसएल या प्रोग्रॅमने उलगडायचे, की त्यांतला मुख्य तक्ता, हजारो ओळींची डीएसडीटी, समोर येते. तिच्यात ‘एम्बेडेड कंट्रोल’ असा प्रदेश शोधायचा. त्याच्याखाली ईसीच्या आतल्या जागांची नावं असतात, पण प्रत्येक नाव चारच अक्षरांचं, कारण मानकाचा नियमच तसा. त्या चार अक्षरांत कुणी तापमान लपवलेलं असतं, कुणी झाकणाची स्थिती. कित्येक जागांना नावच नसतं. मला हवी होती ती नेमकी त्यातली.

मग बघणं सुरू होतं, आणि या कामाचा सगळा जीव या बघण्यात आहे. लिनक्समध्ये ईसी-सिस नावाचं मॉड्यूल आहे. ते चढवलं की ईसीचे २५६ बाइट एका फाइलसारखे वाचता येतात. सोळा ओळी, दर ओळीत सोळा आकडे, हेक्समध्ये, म्हणजे सोळाच्या पायावरच्या मोजणीत. आधी काहीच कळत नाही. काही आकडे स्थिर, काही सारखे हलणारे. मग एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि कोणता आकडा हलतो ते टिपायचं. चार्जर काढला, एका बाइटचा एकच बिट पडला. लावला, पुन्हा उठला. एके ठिकाणी २डी होतं, म्हणजे ४५. दुसरीकडे लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, कंपाइल करायला लावला, प्रोसेसर तापला, तो आकडा चढत चढत ४ईवर, म्हणजे ७८ वर गेला. काम संपल्यावर सावकाश उतरला. हे तापमान. शेजारी-शेजारी ई० आणि २ई दिसले. मागचा आकडा पुढे घेऊन वाचले की होतात १२,०००, म्हणजे मिलिव्होल्टमध्ये बॅटरीचा दाब, १२ व्होल्ट.

बाहेर पाऊस लागलेला असताना दिवसभर अशी वही भरत बसायची. पोलादपूरच्या विजेने यात मोठी मदत केली. शहरातल्या प्रयोगशाळेत चार्जर हाताने काढावा-लावावा लागतो. इथे वीज स्वतःच जाते, झटक्यात येते, पुन्हा जाते. अशा वेळी ईसी मुख्य प्रोसेसरला इशारा देतो, कर्नल विचारतो ‘काय झालं?’, ईसी एक क्रमांक देतो आणि त्या क्रमांकाची कृती डीएसडीटीतून शोधून चालवली जाते. वीज लपंडाव खेळत असताना हे इशारे एकापाठोपाठ येतात. त्या गर्दीत टिकलेला ड्रायव्हर भरवशाचा, असं मी मानतो.

चार्जिंगच्या मर्यादेचा बाइट सापडण्यासाठी मात्र विंडोजची मदत घ्यावी लागली. दुसऱ्या डिस्कवर विंडोज टाकली, कंपनीचं सॉफ्टवेअर टाकलं आणि ईसी वाचणारं आरडब्ल्यू-एव्हरीथिंग हे साधन शेजारी उघडं ठेवलं. मर्यादा ६० ठेवली, एका जागी ३सी आलं. ८० केली, तिथेच ५० आलं. १०० केली, ६४. हेक्समधले हे तीन आकडे म्हणजेच ६०, ८० आणि १००. मर्यादा पूर्ण बंद केल्यावर दुसऱ्याच एका बाइटमधला एक बिट पडला. तो चालू-बंदचा खटका. जे चार ओळींत छापता आलं असतं, ते असं चोरवाटेने शोधावं लागतं, याचा मला आजही राग येतो.

वाचणं बिनधोक, लिहिणं नाही. ईसीच्या अनोळखी जागेत भलताच आकडा टाकला तर पंखा थांबू शकतो, कीबोर्ड मुका होऊ शकतो, लॅपटॉप तिथल्या तिथे बंद पडू शकतो. बऱ्याचदा बॅटरीची वायर काढून, बटण दाबून धरून ईसी रिसेट होतो. पण दर वेळी होईलच असं नाही. डिसेंबर २०१७ मध्ये उबुंटू १७.१० चं डाउनलोड थांबवावं लागलं होतं. त्यातल्या कर्नलमधला इंटेल-एसपीआय ड्रायव्हर लेनोवोसह काही कंपन्यांच्या लॅपटॉपांतलं बायोस बिघडवत होता. लोकांना बायोसची सेटिंग जपता येईनात, यूएसबीवरून मशीन सुरू करता येईना. तो ड्रायव्हर ईसीचा नव्हता, पण धडा तोच. ईसी-सिसमध्ये लिहिण्याची परवानगी मुद्दाम वेगळी मागावी लागते ती यासाठीच. एखादा बाइट कशाचा आहे ते निरीक्षणातून, आणि डीएसडीटीत नाव असेल तर तिच्याकडूनही, पटल्याशिवाय त्यात लिहायचं नाही, हा नियम मी पाळतो आणि शिकणाऱ्या मुलांनाही पाळायला लावतो.

प्रत्यक्ष बोलणं फार संथ असतं. मुख्य प्रोसेसर आणि ईसी यांच्यात दोनच दारं: हेक्स ६६ वर हुकूम आणि स्थिती, हेक्स ६२ वर माहिती. पोस्टाच्या खिडकीवर एकच कारकून असावा तसं हे चालतं. आधी तो मोकळा आहे का बघायचं, मग ‘वाचायचंय’ म्हणून हेक्स ८० हा हुकूम द्यायचा, तो उचलला जाईपर्यंत थांबायचं, जागेचा क्रमांक द्यायचा, उत्तर तयार झाल्याचा बिट उठेपर्यंत पुन्हा थांबायचं आणि मग एकच बाइट उचलायचा. लिहायचं असेल तर हुकूम हेक्स ८१. कर्नल एका टप्प्यासाठी जास्तीत जास्त ५०० मिलिसेकंद वाट पाहतो. सुदैवाने ही सगळी उठाठेव कर्नलमध्ये आधीच लिहून ठेवलेली आहे. ड्रायव्हर लिहिणाऱ्याने ईसी-रीड आणि ईसी-राइट ही फंक्शनं बोलवायची.

तरीही खाचा उरतात. पंख्याचा वेग दोन बाइटांत असतो आणि ते एकेक करून वाचावे लागतात. वेग २८१५ असताना वरचा बाइट ०ए आणि खालचा एफएफ. वरचा वाचून झाला आणि तेवढ्यात वेग २८१६ झाला, तर खालचा बाइट ०० होतो. जोडून येतात २५६०, जो वेग पंख्याने कधी घेतलाच नव्हता. म्हणून वरचा, खालचा आणि पुन्हा वरचा असं वाचायचं. दोन्ही वेळचा वरचा जुळला तरच आकडा खरा. दुसरी खाच विसरण्याची. बॅटरी पार उतरली की ईसी कोरा होऊन उठतो आणि मर्यादा पुन्हा शंभर. म्हणून लॅपटॉप सुरू झाला किंवा झोपेतून जागा झाला की ड्रायव्हरने ऐंशीचा आकडा स्वतःहून परत लिहायला हवा. दोन दिवस वीज नसणाऱ्या गावात ही गोष्ट नेहमी घडते.

सर्वांत महत्त्वाची काळजी म्हणजे हा कोड चुकीच्या मशीनवर चालू नये. एकाच मॉडेलमध्ये ईसीचं फर्मवेअर बदललं की बाइटांच्या जागा बदलू शकतात. लिनक्स ६.४ मध्ये, २०२३ साली, एमएसआय-ईसी नावाचा ड्रायव्हर आला. तो आधी ईसीमधून फर्मवेअरची आवृत्ती वाचतो आणि ती त्याच्या यादीत नसेल तर कामच करत नाही. मला ही शिस्त फार आवडते. मीही तेच केलं.

कर्नलमध्ये कोड पाठवायचा तर त्याचेही रिवाज आहेत. स्वतःच्या मनाची नावं चालत नाहीत. चार्जिंगच्या मर्यादेला आधीपासून ठरलेलं नाव आहे, चार्ज-कंट्रोल-एंड-थ्रेशोल्ड, आणि थिंकपॅडपासून असुसपर्यंतचे ड्रायव्हर तेच वापरतात. त्यामुळे वरच्या प्रोग्रॅमला कंपनी कोणती ते कळायची गरज पडत नाही. कोड चेकपॅच या स्क्रिप्टमधून पार व्हावा लागतो, प्रत्येक बदलाखाली लिहिणाऱ्याने आपल्या नावाने जबाबदारी घ्यावी लागते आणि तपासणारे प्रश्न विचारतात: ही जागा कशाची, कशावरून, दुसऱ्या मशीनवर काय होईल? मला हे प्रश्न जाचक वाटत नाहीत. माझा कोड अजून या तपासणीत आहे; तोवर गुरुजींच्या लॅपटॉपवर तो वेगळं मॉड्यूल म्हणून चालतो आणि कर्नल अद्ययावत झाला की डीकेएमएस त्याला नव्याने कंपाइल करून घेतं. चार्जर आताही दिवसभर लावलेला असतो. बॅटरी ऐंशीवर थांबते आणि टचपॅड सपाट आहे.

हे सगळं लपवून ठेवायचं काहीही कारण नाही. गूगलने क्रोमबुकच्या ईसीचं फर्मवेअर खुलं ठेवलंय, फ्रेमवर्कचे लॅपटॉप त्यावरच उभे आहेत, सिस्टम७६ ने स्वतःचं खुलं फर्मवेअर लिहिलंय. त्यांचा धंदा त्यामुळे बुडालेला नाही. बॅटरी कुठे थांबवायची हे ज्याने पैसे मोजले त्याला ठरवता आलं पाहिजे, मग तो विंडोज वापरो की लिनक्स.

लोणेऱ्याच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठातल्या आणि आसपासच्या कॉलेजांतल्या मुलामुलींना माझं सांगणं आहे: प्रोजेक्टसाठी विषय शोधत असाल तर आपल्या लॅपटॉपची डीएसडीटी उलगडा. फक्त वाचा, लिहू नका. महिनाभर नुसतं वाचलंत तरी मशीन आतून दिसायला लागेल. आणि शाळांसाठी लॅपटॉप खरेदी करणाऱ्या समित्यांना एक विनंती आहे. निविदेत एवढी एक अट घाला: चार्जिंगची मर्यादा बायोसमधून किंवा कोणत्याही ऑपरेटिंग सिस्टीममधून ठरवता आली पाहिजे आणि तिची माहिती लॅपटॉपसोबत लेखी मिळाली पाहिजे. ही अट घालायला एक पैसाही जास्त लागत नाही.