गोठ्यातली जुळी आणि परकी किडनी

वाईच्या आसपास एखाद्या गोठ्यात गाय जुळी व्याली आणि त्यात एक गोऱ्हा, एक कालवड निघाली, तर ती कालवड मोठी झाल्यावर बहुधा गाभण राहत नाही. गर्भात असताना दोघांच्या वारेतल्या रक्तवाहिन्या एकमेकींत मिसळतात, आणि भावाकडून आलेली संप्रेरकं बहिणीच्या गर्भाशयाची वाढ अडवतात. शेतकऱ्याच्या पदरी नुकसानच. पण त्या मिसळलेल्या रक्तात एक नवल दडलेलं होतं.

१९४५ साली अमेरिकेत रे ओवेन यांनी अशा जुळ्यांचं रक्त तपासलं. एकाच वासराच्या अंगात दोन तऱ्हेच्या तांबड्या पेशी: काही स्वतःच्या, काही भावंडाच्या! वासरं वाढली तरी त्या टिकून होत्या. रक्त बनवणाऱ्या परक्या मूलपेशींनी हाडांच्या मज्जेत बिऱ्हाड केलं होतं आणि शरीरानं त्यांच्यावर हत्यार उगारलं नव्हतं. पीटर मेडावार यांनी अशा जुळ्यांची कातडी एकमेकांवर बसवून पाहिली; तीही रुजली. १९५३ मध्ये त्यांनी उंदरांच्या गर्भात परक्या पेशी टोचून हाच चमत्कार मुद्दाम घडवला.

म्हणजे आपलं कोण, परकं कोण, हे शरीर शिकतं! मग थोराला ते नव्यानं शिकवता येईल?

प्रश्न जिवाचा आहे. पुण्याला जाऊन किडनी बसवून आलेल्या माणसाला रोज वेळेवर गोळ्या घ्याव्या लागतात. परक्या किडनीवर हल्ला होऊ नये म्हणून त्या शरीराच्या सगळ्या पहाऱ्यालाच गुंगी देतात, त्यामुळे जंतूंचंही फावतं. टॅक्रोलिमससारखं औषध तर ज्या किडनीला जपायचं तिलाच हळूहळू इजा करू शकतं.

अहमदाबादला डॉ. एच. एल. त्रिवेदी यांनी किडनीसोबत दात्याच्या मूलपेशीही देऊन पाहिल्या. बॉस्टनमध्ये एकाच दात्याची मज्जा आणि किडनी मिळालेल्या काही रुग्णांच्या गोळ्या पूर्ण बंद झाल्या. अर्थात वासराला गर्भात जे आपसूक मिळतं, त्यासाठी थोराच्या मज्जेत आधी जागा करावी लागते, आणि ते जोखमीचं असतं.

दुसरी वाट मला जास्त मोहवते. भांडण पेटलं की गावातली जाणती माणसं मध्ये पडतात, तशा काही पेशी आपल्या रक्तातही असतात. शिमोन साकागुची यांनी त्या १९९५ मध्ये दाखवल्या; २०२५ चं नोबेल त्यांना आणि आणखी दोन संशोधकांना मिळालं. रुग्णाच्याच रक्तातून या पेशी वेचायच्या, प्रयोगशाळेत वाढवायच्या आणि शिरेतून परत सोडायच्या. काही ठिकाणी वाढवताना त्यांना दात्याच्या पेशींच्या सहवासात ठेवतात, म्हणजे नवी किडनी समोर येण्याआधीच तिची ओळख पटलेली असते.