घोड्याची साक्ष कोण नोंदवणार?

पॅरिस ऑलिंपिकचं उद्घाटन तीन दिवसांवर आलं असताना, २३ जुलै २०२४ रोजी, ब्रिटनची घोडेस्वार शार्लट ड्युजार्डिन हिने स्पर्धेतून माघार घेतली. तीन सुवर्णांसह सहा ऑलिंपिक पदकं तिच्या नावावर होती. माघारीचं कारण होतं एक जुनं चित्रीकरण. शिकवणीच्या वेळी जमिनीवर उभी राहून ती एका घोड्याच्या पायांवर लांब चाबकाने पुन्हा पुन्हा फटके मारताना त्यात दिसत होती. तिने चूक मान्य केली. आंतरराष्ट्रीय अश्वारोहण महासंघाने पुढे तिच्यावर एक वर्षाची बंदी घातली आणि १० हजार स्विस फ्रँक दंड केला.

शिक्षा झाली, पण एक प्रश्न उरला. हे चित्रीकरण काही वर्षांपूर्वीचं होतं. मधल्या काळात हा प्रकार ना पंचांना कळला, ना पशुवैद्यांना, ना उत्तेजक चाचणी करणाऱ्यांना. कुणीतरी चित्रीकरण केलं होतं आणि ते महासंघापर्यंत पोहोचलं, म्हणून तो उघड झाला. घोडा स्वतः तक्रार करू शकत नाही. मग त्याच्या वेदनेचा पुरावा कुठे शोधायचा आणि जबाबदारी कुणावर टाकायची?

वेदना दिसते का?

घोडा हा निसर्गात शिकार होणारा प्राणी. कळपातला लंगडणारा घोडा हिंस्र श्वापदाच्या नजरेत आधी भरतो. त्यामुळे दुखणं लपवण्याकडे त्याचा कल असतो. कुत्रा कळवळून ओरडतो, तसा घोडा सहसा ओरडत नाही. त्याच्या या गप्प राहण्यालाच अनेकदा ‘त्याला चालतं’ असं समजलं गेलं.

‘घोड्याचं कातडं जाड, त्याला फटक्याचं काय वाटणार?’ हा असाच आणखी एक समज. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २०२० मध्ये घोड्यांच्या आणि माणसांच्या पुठ्ठ्यावरच्या त्वचेचे नमुने सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. घोड्याची त्वचा एकूण जाड असते हे खरं; पण ती जाडी आतल्या थराची. वेदना टिपणाऱ्या चेतातंतूंची टोकं वरच्या पातळ थरात असतात आणि तिथल्या त्यांच्या घनतेत माणूस व घोडा यांच्यात लक्षणीय फरक आढळला नाही. म्हणजे आतलं जाड कातडं वरच्या चेतातंतूंना चाबकापासून वाचवू शकत नाही.

वेदना चेहऱ्यावरही उमटते, फक्त ती वाचता यावी लागते. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘हॉर्स ग्रिमेस स्केल’मध्ये सहा खुणा दिल्या आहेत: मागे ताठ वळलेले कान, आवळलेल्या पापण्या, डोळ्यांवरचा ताण, उठून दिसणारे जबड्याचे स्नायू, घट्ट मिटलेलं तोंड आणि ताणलेल्या नाकपुड्या. ब्रिटनच्या पशुवैद्य स्यू डायसन यांनी पाठीवर स्वार असतानाच्या घोड्यासाठी २४ वर्तनांची यादी तयार केली. तोंड उघडं राहणं, शेपूट सतत झटकणं, मान अती आत दुमडणं ही त्यातली काही. एखादी खूण दिसली म्हणून लगेच निष्कर्ष काढायचा नसतो. पण आठ किंवा अधिक खुणा एकत्र दिसल्या, तर स्नायू किंवा सांध्याचं दुखणं असण्याची शक्यता बळावते आणि तपासणी करायला हवी, असं ही पद्धत सांगते.

नाकपट्टा, लोखंडी कडी आणि रक्त

खरी अडचण इथे सुरू होते. ड्रेसाज या प्रकारात घोडा स्वाराच्या अगदी हलक्या इशाऱ्यावर चालला पाहिजे. त्याने तोंड उघडलं, तर लगामाला विरोध केला असं समजून गुण कापले जाऊ शकतात. त्यावर सोपा उपाय म्हणजे नाकावरून जबड्याभोवती जाणारा पट्टा घट्ट आवळणं. मग तोंड उघडतच नाही आणि त्रासाची सर्वांत ठळक खूण परीक्षकाला दिसतच नाही.

नाकपट्टा आणि नाकाचं हाड यांच्यामध्ये दोन बोटं जावीत, हा जुना संकेत. आयर्लंड, इंग्लंड आणि बेल्जियममधल्या स्पर्धांमध्ये ७५० घोडे तपासणारा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. फक्त ७ टक्के घोड्यांच्या पट्ट्यात दोन बोटांची जागा होती. ४४ टक्के घोड्यांच्या पट्ट्याखाली मोजपट्टीचं टोकही शिरत नव्हतं. दुसऱ्या एका प्रयोगात पट्टा पूर्ण आवळल्यावर घोड्यांच्या हृदयाचे ठोके वाढले, आणि पट्टा काढताच ते नेहमीपेक्षा जास्त जांभया देऊ लागले, गिळू लागले, ओठ चाटू लागले. तोवर रोखून धरलेलं सगळं ते एकदम करत होते.

दोन बोटं, पण ती कुणाची? यावर वर्षानुवर्षं वाद झाला. अखेर २०२५ पासून महासंघाने सगळीकडे एकच मोजणी साधन लागू केलं. ते पट्ट्याखालून सरकलं नाही, तर पट्टा सैल करावा लागतो. उपाय साधा आणि स्वस्त आहे. त्याला एवढा उशीर लागावा, यातच बरंच काही आलं.

तोंडातल्या लोखंडी कडीचं, म्हणजे ‘बिट’चं, तसंच आहे. ही कडी पुढच्या आणि मागच्या दातांमधल्या मोकळ्या जागेत बसते. तिथे हाडावर हिरडीचं फक्त पातळ आवरण असतं. फिनलंडमध्ये गाडी ओढत दुडक्या चालीने धावणाऱ्या शर्यतीच्या २६१ घोड्यांची तोंडं शर्यतीनंतर तपासली गेली. ८४ टक्के घोड्यांच्या तोंडात ताज्या जखमा होत्या. तोंडाबाहेर रक्त मात्र मोजक्याच घोड्यांच्या दिसलं. शर्यतीचा आणि ऑलिंपिकचा प्रकार वेगळा असला, तरी इशारा दोन्हीकडे लागू होतो: रक्त दिसलं नाही म्हणजे जखम नाही, असं नव्हे.

म्हणूनच रक्ताच्या नियमावर एवढी चर्चा होते. शो जंपिंगमध्ये घोड्याच्या तोंडात किंवा स्पर लागून पोटाच्या बाजूला रक्त दिसलं, तर त्या जोडीला बाद केलं जात असे. नोव्हेंबर २०२५ मध्ये महासंघाच्या सर्वसाधारण सभेने हा नियम बदलला. आता पहिल्या वेळी नोंदवलेली ताकीद मिळते. बारा महिन्यांत पुन्हा तेच घडलं, तर दंड आणि निलंबन होतं. ओठ चावल्यानेही रक्त येतं, किरकोळ ओरखड्यासाठी अख्खा संघ बाहेर जाऊ नये, हा बदलाच्या समर्थकांचा मुद्दा अगदीच पोकळ नाही. पण घोडा जिथे बोलू शकत नाही, तिथे रक्त ही कुणालाही दिसणारी, वाद न घालता येणारी खूण होती. तिचं वजन कमी करायचं, तर तिच्या जागी अधिक नेमकी तपासणी यायला हवी, हे विरोधकांचं म्हणणंही तितकंच रास्त आहे.

मिरचीने धडा दिला होता

काटेकोर तपासणीने काय साधतं, याचं एक उदाहरण २००८ चं आहे. बीजिंग ऑलिंपिकच्या अश्वारोहण स्पर्धा हाँगकाँगला झाल्या. शो जंपिंगमधल्या काही घोड्यांच्या नमुन्यांत कॅप्सायसिन सापडलं, म्हणजे आपल्या तिखटातला तोच झोंबणारा घटक. तो चेतातंतूंवरचा उष्णता ओळखणारा ग्राहक जागा करतो. याच ग्राहकाच्या शोधासाठी डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ चं नोबेल मिळालं. कॅप्सायसिन दुखणं कमी करण्याच्या मलमातही असतं. पण घोड्याच्या पायाला चोळलं, तर त्वचा इतकी हुळहुळी होऊ शकते की आडव्या दांड्याला पाय लागण्याच्या भीतीने घोडा पाय अधिक उंच उचलतो. दोन्ही कारणांसाठी त्याला मनाई आहे. त्या प्रकरणात नॉर्वेच्या संघाचं कांस्यपदक गेलं. प्रयोगशाळेचा अहवाल हातात होता, म्हणून जबाबदारी ठरवता आली.

चाबकाचा, आवळलेल्या पट्ट्याचा किंवा दडपशाहीच्या सरावाचा असा अहवाल निघत नाही. महासंघाचा नियम सांगतो की स्पर्धेत किंवा इतर कोणत्याही वेळी घोड्याचा छळ करता येणार नाही. कागदावर पागेतला सरावही या नियमाखाली येतो. पण निरीक्षक असतात ते स्पर्धेच्या आवारात. घोड्याचं आयुष्य मात्र मुख्यतः पागेत जातं. तिथे त्याला पाहतात ते मालक, प्रशिक्षक, शिकाऊ स्वार आणि मोतद्दार. म्हणजे ज्यांची रोजीरोटी किंवा कारकीर्द त्याच माणसांवर अवलंबून असते ते.

टोकियोत २०२१ मध्ये तर सारं जगासमोर घडलं. मॉडर्न पेंटॅथलॉनमध्ये तेव्हा स्पर्धकाला सोडतीने मिळालेल्या, अनोळखी घोड्यावर बसावं लागत असे. जर्मनीच्या आघाडीवरच्या स्पर्धकाचा घोडा बिथरला, स्वार रडू लागली आणि तिच्या प्रशिक्षिकेने घोड्याला बुक्की मारली. प्रशिक्षिकेला स्पर्धेतून काढलं गेलं आणि पॅरिसनंतर या खेळातून घोडेस्वारीच वगळली गेली. घोड्याला सांभाळता येत नसेल, तर समाज तो खेळच नाकारू शकतो, हे तेव्हा सर्वांना कळलं.

आपला संबंध

२०२३ च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत भारताने ड्रेसाजमध्ये सांघिक सुवर्ण जिंकलं. त्या चौघांत मुंबईचा हृदय छेडाही होता. त्यानंतर या खेळाबद्दलचं कुतूहल वाढलं. आपल्याकडे घोड्याला मारणं, त्याच्यावर क्षमतेबाहेर स्वारी करणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. पण पहिल्या गुन्ह्याचा दंड १० ते ५० रुपये. अशा वेळी खरा धाक कायद्याचा नव्हे, तर क्लबच्या, संघटनेच्या आणि पालकांच्या नजरेचा असणार.

ही नजर तयार करायला फार खर्च लागत नाही. स्वारी शिकणाऱ्या मुलाला घोड्याच्या चेहऱ्यावरच्या सहा खुणा पहिल्याच आठवड्यात शिकवता येतात. नाकपट्ट्याखालची जागा रोज मोजता येते. स्वारीनंतर तोंड उघडून हिरडी तपासता येते आणि त्याची वहीत नोंद ठेवता येते. मोतद्दाराने तक्रार केली, तर त्याची नोकरी जाणार नाही याची हमी देता येते. परीक्षकांनी मिटलेल्या तोंडाला नव्हे, तर सैल जबड्याला गुण दिले, तर पट्टा आवळण्याचं कारणच उरणार नाही.

घोडा साक्ष देतच असतो: कानांनी, डोळ्यांनी, जबड्याने. ती साक्ष वाचायची कशी, हे विज्ञानाने बऱ्यापैकी सांगितलं आहे. ती नोंदवून घेण्याचं काम आता योगायोगाने झालेल्या चित्रीकरणावर सोडून चालणार नाही.